साग्रांतिनोची बाटली घाईत उघडू नका

आधी झालं काय ते सांगतो. इटलीत पेरूजाला दोन वर्षं शिकायला होतो, परत येताना साग्रांतिनो नावाच्या तुरट लाल वाईनच्या दोन बाटल्या आणल्या आणि पुण्यात मित्रमंडळी जमली तेव्हा त्यातली एक काढली, बूच काढलं आणि लगेच ग्लासात ओतली, जेवायला मटण आणि झणझणीत तांबडा रस्सा. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं आवळली. एकाने विचारलं की खराब झालीये का रे, एकीने बर्फ टाकला, आणि अर्धी बाटली तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं, कारण जिथे हे द्राक्ष पिकतं तिथे मी हीच वाईन पिऊन खूश झालेलो होतो. बूच परत दाबलं, फ्रीजमध्ये ठेवली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी आण्णा गावाहून आले. आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे, आण्णा एरवी काही घेत नाहीत पण द्राक्षाचं काहीही समोर आलं की चाखल्याशिवाय राहत नाहीत. दुपारी अख्खा मसूर आणि भाकरी होती, त्यांनी स्टीलच्या पेल्यात दोन घोट ओतून घेतली, तोंडात थोडा वेळ धरली आणि म्हणाले, "जांभळागत जीभ धरतीया, पण सोडती बी."

हे वाक्य मी तेव्हापासून धरून ठेवलंय, कारण साग्रांतिनो प्यायची सगळी रीत त्यात आली. वाईन जीभ धरते, ते तिच्या रक्तातच आहे. तुमचं काम एवढंच की ती सोडेपर्यंत तिला वेळ द्यायचा आणि सोबत योग्य जेवण ठेवायचं. कसं ते खाली लिहितोय, ज्याला ही बाटली मिळेल त्याची माझ्यासारखी फजिती होऊ नये म्हणून.

द्राक्षापासून सुरू करू, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. साग्रांतिनो हे इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं काळं द्राक्ष, मोन्तेफाल्को नावाच्या डोंगरावरच्या गावाचं. मोन्तेफाल्को, बेवान्या, ग्वाल्दो कात्तानेओ, कास्तेल रिताल्दी आणि जानो देल्लुंब्रिया एवढ्या पाच गावांच्या हद्दीतच या द्राक्षाची नाव लावायचा अधिकार असलेली वाईन बनते. आपल्याकडे बागेत आपण काय करतो, मणी फुगावा म्हणून जीए हे संप्रेरक देतो, साल पातळ आणि बी नसलेलं द्राक्ष हवं असतं, खाणाऱ्याच्या दाताला काही लागू नये. साग्रांतिनोचं सगळं उलटं. मणी बारीक, साल जाड, आत बिया, घड घट्ट आवळलेला. पहिल्यांदा तिथल्या एका बागेत मणी तोडून तोंडात टाकला तेव्हा आधी गोड लागला आणि साल चावली तसा अख्खा जबडा कोरडा पडला. तुरटपणा सालीत आणि बियांत असतो, रसात जवळजवळ नसतोच, आणि बारीक मण्यात रस कमी, साल-बिया जास्त. लाल वाईन सालीसकट आंबवतात, त्यामुळे सालीतलं सगळं वाईनमध्ये उतरतं. टॅनिन ज्याला म्हणतात ते हेच, आणि साग्रांतिनोत ते इतकं असतं की जगातल्या सगळ्यात तुरट द्राक्षांमध्ये त्याचं नाव घेतात.

हे द्राक्ष पिकतंही उशिरा, तोडणी ऑक्टोबरपर्यंत लांबते. तासगावात ऑक्टोबर छाटणीची धांदल चालू असते तेव्हा मोन्तेफाल्कोत घड उतरवत असतात, मला तिथे असताना याची फार गंमत वाटायची, घरी फोन केला की आण्णा छाटणीवर बोलायचे आणि माझ्या खिडकीखालून द्राक्षांचे ट्रॅक्टर जायचे.

इतिहास थोडक्यात. पूर्वी या द्राक्षाची फक्त गोड वाईन करायचे, सणासुदीला आणि चर्चसाठी, नावही त्या पवित्र वापरावरून पडलं असावं असं बरेच जण मानतात. १९६० च्या दशकात हे द्राक्ष जवळपास संपायला आलं होतं. मग काही घराण्यांनी ते परत लावलं, कोरडी म्हणजे गोड नसलेली वाईन करायला घेतली, १९७९ मध्ये त्याला डीओसी, म्हणजे ठरावीक भागातल्या वाईनला मिळणारा सरकारी दर्जा, मिळालं आणि १९९२ मध्ये डीओसीजी, म्हणजे इटलीतला सगळ्यात वरचा दर्जा. यात काप्राई घराण्याचं काम मोठं आहे, आर्नाल्दो काप्राईंनी १९७१ मध्ये तिथे बाग घेतली आणि पुढे मुलगा मार्को याने मिलान विद्यापीठाच्या लोकांना बरोबर घेऊन या द्राक्षाचा अभ्यास करून घेतला. बागायतदाराच्या घरात वाढल्यामुळे मला हे खूप जवळचं वाटतं, वाण टिकवायचं तर कुणीतरी आपल्या रानात ते लावावंच लागतं.

आता खरेदी. लेबलवर काय लिहिलंय ते नीट बघा कारण इथेच लोक फसतात. नुसतं "मोन्तेफाल्को साग्रांतिनो" असेल तर ती कोरडी वाईन, शंभर टक्के याच द्राक्षाची. पुढे "पसितो" शब्द असेल तर ती गोड, तिच्यावर शेवटी लिहितो. आणि "मोन्तेफाल्को रोस्सो" असेल तर ती वेगळीच, तिच्यात मुख्य द्राक्ष सान्जोवेझे आणि साग्रांतिनो थोडंसं. रोस्सो वाईट अजिबात नाही, उलट मी तर म्हणेन तुरट वाईनची सवय नसेल तर पहिली बाटली रोस्सोचीच घ्या, तीत या द्राक्षाची झलक मिळते आणि खिशालाही बरी. डीओसीजी वाईनच्या मानेवर सरकारी कागदी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर नंबर असतो, ती बघून घ्या.

मग लेबलवरचं तोडणीचं वर्ष बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. कायद्यानेच ही वाईन किमान ३७ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले किमान १२ महिने लाकडी पिंपात. म्हणजे २०१८ ची द्राक्षं २०२२ उजाडल्याशिवाय दुकानात येतच नाहीत. पण कायदा फक्त विकायची परवानगी देतो, वाईन प्यायला तयार झाली असा त्याचा अर्थ नाही. माझ्या मते तोडणीपासून आठ ते दहा वर्षं झालेली बाटली मिळत असेल तर तीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना जोडून मोठे होत जातात आणि तोंडाला मऊ लागायला लागतात, म्हणजे लोणचं मुरतं ना, नवीन फोडीला जो चरचरीतपणा असतो तो वर्षभराने राहत नाही, तसंच काहीसं. माझी पुण्यात उघडलेली बाटली पाच वर्षांचीसुद्धा नव्हती. निम्मी चूक तिथेच झाली.

भारतात ही वाईन क्वचित दिसते आणि दिसली तरी शुल्कामुळे किंमत चढलेली असते, त्यामुळे कुणी इटलीला जात असेल तर आणायला सांगणं सोपं. परदेशातून येणाऱ्या माणसाला दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. साध्या बाटलीत ७५० मिली, पसितो बहुतेक ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत येते, म्हणजे दोन मोठ्या आणि एक छोटी मिळून १८७५, बरोबर बसतं. चेक-इन बॅगेत टाकायच्या, प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जीन्सच्या पायात घुसवायची आणि बॅगेच्या मधोमध ठेवायची, कडेला नाही.

आणल्यावर ठेवायची कुठे हा आपल्याकडचा खरा प्रश्न. फ्रीजच्या डोक्यावर नाही, माळ्यावर तर अजिबात नाही, उन्हाळ्यात माळा भट्टी होतो. बारा ते पंधरा डिग्री, अंधार आणि बाटली आडवी म्हणजे बूच ओलं राहतं, असं असेल तर ती वर्षानुवर्षं राहील. वाईनचा वेगळा फ्रीज नसेल तर घरातली सगळ्यात थंड भिंत, तळाचं कपाट, आणि खरं सांगायचं तर मग तिला दहा वर्षं ठेवायच्या फंदात पडू नका, जुनी झालेलीच विकत घ्या आणि पहिल्या हिवाळ्यात पिऊन टाका. एप्रिल-मे मधला उकाडा बाटलीला दोनदा बसला की फळाचा वास शिजल्यासारखा होतो आणि मग काहीही केलं तरी परत येत नाही.

आता उघडायचा दिवस. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, जुन्या साग्रांतिनोत गाळ असतो, तो तळाला बसू द्या. जेवण रात्री नऊला असेल तर बूच संध्याकाळी पाचला काढा. नुसतं बूच काढून ठेवलं तर काही उपयोग होत नाही हे लक्षात घ्या, बाटलीचं तोंड एवढंसं, हवा लागणार किती. वाईन रुंद तोंडाच्या भांड्यात ओतायची. डिकँटर असेल तर उत्तम, नसेल तर काचेचा जग घ्या, स्टीलचं पातेलंही चालेल, पण तांब्या-पितळेचं नको, आंबट वाईन त्यात कळकणार. हळू ओता, शेवटी गाळ मानेशी आला की थांबा, तळाशी दोन-तीन चमचे राहिले तर राहू द्या.

मग चाखत राहा. ओतल्या ओतल्या एक घोट, तासाने एक, परत तासाने एक, घोट म्हणजे खरंच घोट. पहिल्यांदा काळ्या फळांचा वास येतो, करवंदं आणि पिकलेली जांभळं, मागे मिरी, लाकूड, पण तोंडात गेल्यावर हिरड्या कोरड्या पडतात आणि जीभ टाळूला चिकटते. तास-दोन तासांनी तोच तुरटपणा असतो पण घोट गिळल्यावर थोड्या वेळात तोंडाला परत पाणी सुटतं आणि मग फळाची गोडी मागून येते. आण्णा म्हणाले ते सोडणं हेच. ज्या घोटाला जीभ सोडली जाते तो तुमच्या बाटलीचा वेळ, घड्याळ नंतर बघा. जुन्या बाटलीला तास-दीड तास पुरतो, तरुण बाटलीला चार तासही कमी पडतात.

तापमानाचं एक. इटलीतले लोक घरच्या तापमानाला पितात असं कुणी सांगितलं तर ते त्यांच्या दगडी घरांचं तापमान, आपलं नाही. १८ डिग्रीच्या आसपास हवी. आपल्याकडे खोलीत तीस डिग्री असताना तशीच ओतली तर नाकात आधी अल्कोहोल शिरतं, आणि या वाईनमध्ये ते चौदा-पंधरा टक्के सहज असतं. म्हणून जग अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून काढा. पण एकदम गार पण नको, गार झाली की तुरटपणा दुप्पट वाटतो, त्या रात्री बर्फ टाकणाऱ्या मैत्रिणीला ती आणखी कडक लागली त्याचं कारण हेच.

जेवण. यावर मला जास्त लिहायचंय कारण पुण्यातली माझी उरलेली निम्मी चूक ही होती. तुरटपणा लागतो कसा, तर लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून तोंड कोरडं वाटतं. आता तोंडात मांस असेल, चीज असेल, तर टॅनिनला चिकटायला ती प्रथिनं मिळतात आणि लाळ वाचते. चरबी जिभेवर असली की आणखी बरं. म्हणूनच उंब्रियात ही वाईन रानडुकराच्या मंद शिजवलेल्या मांसाबरोबर, कोकराबरोबर, मुरलेल्या पेकोरिनो चीजबरोबर पितात, नुसती कुणी पीत नाही. मी तिथे ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या आजी तर पावाच्या तुकड्यावर ऑलिव्ह तेल आणि मीठ घातल्याशिवाय मला ग्लासला हात लावू द्यायच्या नाहीत.

तिखटाचं मात्र या वाईनशी जमत नाही. मिरचीची आग अल्कोहोलने भडकते आणि आधीच चुरचुरणाऱ्या जिभेवर तुरटपणा जास्त बोचतो, त्यामुळे तांबडा रस्सा, ठेचा, मालवणी तिखट कालवण यांना ही वाईन नको. पांढरा रस्सा चालतो, नारळाचं दूध आणि मटणाचा अर्क, खूपच छान जमतं. सुकं मटण करायचं तर लाल तिखट हात राखून, कांदा-खोबरं चांगलं काळपट भाजून, मिरी-लवंग-दालचिनीवर भर द्या, भाजलेल्या खोबऱ्याचा वास आणि वाईनमधला लाकडाचा वास एकमेकांना धरून असतात. निखाऱ्यावर भाजलेली चाप असेल तर मीठ-मिरी पुरे. मासे नकोच, लाल वाईनमधल्या लोहाने माशाला धातूसारखी चव येते, सुरमई वाया जाईल आणि वाईनही.

शाकाहारी घरात काय करायचं असं बरेच विचारतात. उत्तर आण्णांच्या ताटात होतं, अख्खा मसूर. उंब्रियातच नोर्चाजवळ कास्तेल्लुच्यो म्हणून उंचावरचं गाव आहे, तिथला बारीक मसूर सगळ्या इटलीत नावाजलेला, आणि तिथे तो साध्या पद्धतीने लसूण, सेलरी आणि ऑलिव्ह तेलावर शिजवतात. आपण इस्लामपूर-कराडकडे करतात तसा मसूर करायचा, फक्त तिखट निम्म्यावर आणायचं, कांदा तेलात तांबूस होईपर्यंत परतायचा, वरून चमचाभर तूप, मीठ जरा चढं. मीठ कडवटपणा दाबतं. सोबत ज्वारीची भाकरी. मश्रूम तुपात चांगले तपकिरी परतून घेतले तर तेही. मऊ पनीर मला यात फिकं वाटतं, त्यापेक्षा मुरलेलं घट्ट चीज आणा आणि मूठभर अक्रोड, पण अक्रोडाची सालपण तुरट असते त्यामुळे भाजून, साल झटकून घ्या.

प्यायची किती, तर जेवताना एक-दोन ग्लास, ग्लास म्हणजे सव्वाशे-दीडशे मिली. ही जड वाईन आहे, उपाशीपोटी नको, मधे मधे पाणी प्या, आणि गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

उरली तर आनंद माना. बाकीच्या वाईन उघडल्यावर उतरत जातात, ही तरुण असेल तर दुसऱ्या दिवशी चवीला आणखी चढते, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवायची, प्यायच्या आधी तासभर बाहेर काढायची. तीन-चार दिवस बघायला हरकत नाही. त्यानंतर वाटीभर राहिली असेल तर मटण शिजवताना घाला, पण आधी ती वेगळी आटवून अर्धी करा, नाहीतर रस्सा तुरट होतो.

आता पसितो. माझ्या मनाची वाईन हीच आहे, कारण ती बनताना बघितली तेव्हा मला आमच्या बेदाण्याच्या शेडमध्ये उभा असल्यासारखं झालं. तासगावात द्राक्षं डिपिंग ऑइलमधून बुडवून काढतात, रॅकवर जाळीवर पसरतात आणि पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार. मोन्तेफाल्कोत पण रॅकच, जाळ्याच, वारा खेळता ठेवलेली खोली, फक्त द्राक्षं बुडवत नाहीत, अख्खे घड जसेच्या तसे पसरून किमान दोन महिने सुकू देतात. सावकाश. कुणीतरी रोज फिरून कुजका मणी हाताने काढतं, आमच्याकडे बायका बेदाणा निवडतात अगदी तशीच बोटं चालतात. पूर्ण वाळवत नाहीत, मणी सुरकुतला आणि आत साखर दाटली की दाबून आंबवतात, आंबणं थांबतं तेव्हा बरीच साखर तशीच राहिलेली असते. त्यामुळे वाईन गोड, पण साल तीच, म्हणून तुरटपणा पण तसाच हजर. गोडाने तोंड चिकट होईल असं वाटेपर्यंत तुरटपणा येऊन ते साफ करून जातो. दुसऱ्या कुठल्या गोड वाईनमध्ये मला हे सापडलेलं नाही.

हिला चार तास वगैरे नको, अर्धा तास पुरे, साधारण १४-१५ डिग्री, छोट्या ग्लासात. तिथे ईस्टरला भाजलेल्या कोकराबरोबर पितात, गोड वाईन आणि मांस हे ऐकायला विचित्र वाटतं पण जुनी रीत हीच, कोरडी वाईन नंतर आली. रोच्चाता म्हणून सफरचंद-अक्रोडाची गुंडाळी असते तिच्याबरोबरही छान. आपल्याकडे सुकं अंजीर, कडू चॉकलेट, नाहीतर खारट जुनं चीज. पुरणपोळीबरोबर मी करून बघितलं, नको. गूळ वाईनपेक्षा गोड असतो आणि मग ती नुसती आंबट-तुरट लागते.

तिकडे जायचा योग आला तर रोमहून रेल्वेने फोलिन्यो, तिथून मोन्तेफाल्को दहा-बारा किलोमीटर, बस थोड्याच असतात आणि रविवारी तर भरवसाच नाही, त्यामुळे परतीची बस आधी बघून ठेवा. गावात सान फ्रांचेस्कोचं जुनं चर्च आहे, आता म्युझियम, आत बेनोत्सो गोत्सोलीने १४५२ मध्ये रंगवलेली संत फ्रान्सिसच्या आयुष्याची चित्रं आहेत. त्यात जेवणाच्या टेबलाचं एक चित्र आहे, टेबलावर लाल वाईनचा ग्लास. वाईनरीत जायचं तर आधी फोन करून जा. आंतोनेल्ली, आदांती, काप्राई, १८८४ पासूनची स्काच्चादियावोली, या चौघांचीही वाईन मी प्यायलोय आणि चारही वेगळ्या लागतात. तिथे एक गोष्ट नक्की विचारा, जुन्या सालाची उघडलेली बाटली आहे का. कालची उघडलेली असेल तर आणखी चांगलं, तीच आधी मागा.

माझ्याकडची दुसरी बाटली अजून आहे, तळाच्या कपाटात आडवी. आण्णांची छाटणी उरकली की ते येणार आहेत, मसूर भिजत घालायचा आणि दुपारच्या जेवणासाठी बूच सकाळी नऊला काढायचं, असं ठरलंय.